नाथांच्या घरी पाणी कोण भरत होते?



तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, पैठणला गावातल्या नाथवाड्यात रांजणाची पूजा होते आणि त्या दिवसापासून रांजणात पाणी घालायला सुरुवात होते. श्रीखंड्याचे रूप घेऊन द्वारकाधीशाने बारा वर्षे गोदावरीचे पाणी कावडीने आणून जो रांजण भरला, तोच हा, अशी आपली श्रद्धा आहे. षष्ठीपर्यंत रांजण भरून वाहू लागला की देव येऊन आपली घागर ओतून गेला असे समजायचे. ही कथा मी चाळीस वर्षांहून अधिक काळ कीर्तनात सांगितली. देव कसा भक्ताचा पाणक्या झाला, कावडीने खांद्याला कसे घट्टे पडले, नाथ कसे ओळखू शकले नाहीत, हे सांगताना माझा गळा भरून यायचा, श्रोत्यांचेही डोळे पाणावायचे. तो गहिवर खोटा नव्हता.

पण कीर्तन सुटल्यावर, म्हणजे गुडघे गेल्यामुळे उभे राहणे बंद झाल्यावर, घरी बसून तीच चरित्रे मी पुन्हा वाचायला घेतली आणि ध्यानात आले की एक साधी गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. देवाला बारा वर्षे पाणी भरावे लागले, तर त्या घराला पाणी किती लागत असेल? आणि श्रीखंड्या यायच्या आधी ते कोण भरत होते? तो अंतर्धान पावल्यावर कोणी भरले?

हा लेख कोणावर टीका करण्यासाठी नाही, असे म्हणून सुरुवात करण्याची आपल्यात पद्धत आहे. मी तसे म्हणणार नाही. हा टीकेचाच लेख आहे. आपण कीर्तनकार मंडळी संतांचे घर श्रोत्यांना कसे दाखवतो, त्याची ही टीका आहे आणि तिच्यात पहिला अपराधी मी आहे.

आपल्या निरूपणात संतांच्या घराचे दोनच साचे आहेत. एक पैठणचे घर: शांत, तृप्त, अनुकूल पत्नी, भरलेली कोठी, नाथ पुराण सांगत आहेत. दुसरे देहूचे घर: रिकामी मडकी, रडणारी पोरे, कजाग बायको, तुकोबाराय डोंगरावर. पहिल्याचे उदाहरण देऊन सांगायचे की प्रपंच असा करावा, दुसऱ्याचे देऊन सांगायचे की प्रपंच कसाही असला तरी परमार्थ सोडू नये. दोन्हीकडे घरातल्या बाईचे काम एकच. इकडे तिने बोलू नये, तिकडे तिने फार बोलावे, म्हणजे श्रोते हसतील.

मी आळंदीला चार वर्षे शिकलो. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली नसती, तर माझ्यासारखा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा ज्ञानेश्वरी हातात धरू शकला नसता. ते ऋण फिटणारे नाही. जोग महाराज स्वतः आजन्म ब्रह्मचारी होते आणि आम्ही विद्यार्थीही माधुकरी मागून खाणारी पोरे. तिथे आम्ही अद्वैत शिकलो, चाली शिकलो, प्रमाणे पाठ केली. बायको-लेकरांत कसे राहावे हे तिथे शिकवायचा प्रश्न नव्हता आणि आम्हीही विचारले नाही. ते संतचरित्रांतून आपसूक कळेल असे आम्ही धरून चाललो. चरित्रांत ते आहेही. आम्ही तेवढेच टाळून पुढे गेलो.

नाथांच्या शांतीची ती प्रसिद्ध कथा घ्या. काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला दोनशे रुपयांचे आमिष दाखवले: नाथांना राग आणून दाखव आणि पैसे घेऊन जा. तो आला, पाय न धुता थेट देवघरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचे कौतुकच केले. मग पंगतीला गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तेव्हा हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, पडेल तो. आणि गिरिजाबाईंनी उत्तर दिले की हरीला पाठीशी घेऊन घरकाम करण्याची मला सवय आहे, मी याला पडू द्यायची नाही.

हे उत्तर मी शेकडो वेळा सांगितले. दर वेळी हशा यायचा आणि हशा ओसरला की मी लगेच नाथांच्या शांतीवर जायचो, कारण निरूपणाचा विषय शांती. पण शांतीची परीक्षा त्या क्षणी कोणाची होती? मांडीवर बसलेला माणूस बसून पेलता येतो. पाठीवर चढलेला माणूस हातात वाढप असताना, वाकलेल्या अवस्थेत पेलायचा असतो. आणि त्या माउलीने शांतीचे प्रवचन केले नाही, सवय आहे एवढेच सांगितले. लहानगा हरी पाठीवर, हातात काम, समोर पंगत, अशी सवय. नाथांच्या घरातला रोजचा दिवस कसा होता, याचा एवढा खरा पुरावा दुसरा नाही. तो एका वाक्यात आला आहे आणि आपण तो हशात घालवतो.

आता त्या घरातला व्याप पाहा. पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला, त्याचा वास रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबाला गेला, त्यांच्या तोंडाला पाणी सुटले आणि नाथांनी ते सारे अन्न त्यांना वाढले. समतेचा एवढा मोठा प्रसंग त्या काळात दुसरा दाखवणे कठीण. पण अन्न वाढून झाल्यावर पुन्हा सडासंमार्जन झाले, पुन्हा सोवळे झाले, पुन्हा चूल पेटली. दुसरा स्वयंपाक झाला. तो गिरिजाबाईंनी केला आणि तोही ब्राह्मणांनी नाकारला. पावसाळ्यात अपरात्री पाहुणे आले, सुके सरपण नव्हते, तेव्हा नाथांनी घरातला पलंग मोडून जळण करून दिले. पलंग नाथांनी मोडला हे आपण सांगतो. त्या जळणावर अपरात्री कोण स्वयंपाकाला बसले, हे सांगायला आपल्याला वेळ नसतो.

गावबाची कथा आणखी बोलकी आहे. पुरणपोळीच्या हट्टापायी घरी आवरेना, म्हणून त्याच्या आईने त्या मंद समजल्या जाणाऱ्या मुलाला नाथांच्या घरी आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याला सांभाळले, रोज पुरणपोळी वाढली. पुढे भावार्थ रामायणाचे युद्धकांड चौवेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि नाथांनी जलसमाधी घेतली. उरलेला ग्रंथ गावबाने पूर्ण केला, अशी परंपरा आहे. म्हणजे नाथांचे अर्धे राहिलेले काम ज्याने पुरे केले, तो गिरिजाबाईंच्या चुलीपाशी वाढलेला होता. ग्रंथ ओसरीवर होतो आणि स्वयंपाक माजघरात, अशी जी वाटणी आपण करतो, ती त्या घरात नव्हती.

घरचा कारभार पाहायला उद्धव होता, पाण्याला श्रीखंड्या होता. तरी त्या घरात काही ‘सुरळीत’ नव्हते. अपरात्री पाहुणे, दोनदा स्वयंपाक, पलंगाचे सरपण, गावाचा बहिष्कार, पाठीवर चढणारे ब्राह्मण. माझ्यासारखा माणूस त्या घरात दोन दिवस टिकला नसता. पण एक होते. हे सारे घडत असताना नाथ घरात होते. पलंग मोडताना कुऱ्हाड त्यांच्या हातात होती.

हे कसे घडले तेही पाहण्यासारखे आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे अधिकारी. आमच्या शहरापासून तो किल्ला सात-आठ मैल. राजकारण आणि समाधी दोन्ही सांभाळणारा हा माणूस. दर गुरुवारी त्यांच्यासाठी किल्ल्यावरचे कामकाज बंद राहत असे, असे परंपरा सांगते. (आठवड्याची सुटी ही नवी गोष्ट नाही आणि ती झोपण्यासाठी नव्हती.) त्यांनी नाथांना बारकाईने हिशेब लिहायला शिकवले, तीर्थयात्रेला पाठवले आणि शेवटी गृहस्थाश्रम घ्यायला सांगितले. यात्रेहून परतलेल्या नाथांना म्हाताऱ्या आजोबांनी स्वामींचे पत्र दाखवले, तेव्हा नाथ त्याच जागी थांबले, पुढे पाऊल टाकले नाही आणि तिथेच त्यांचे घर उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. गुरूंनी त्यांना ‘जा’ म्हटले नाही, ‘राहा’ म्हटले. वारीला निघणे आपल्याला कळते. नेमलेल्या जागी राहणे ही सुद्धा आज्ञा असू शकते, हे आपल्या निरूपणात क्वचितच येते.

इथे मला एकादश स्कंधाविषयी बोलले पाहिजे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

सतराव्या अध्यायात गृहस्थाच्या धर्माचा विचार आहे. तिथे भगवंत उद्धवाला सांगतात की गृहस्थाने घरात पाहुण्यासारखे राहावे, ममता आणि अहंकार टाकून. नाथांनी एकादश स्कंधावर अठरा हजारांहून जास्त ओव्या लिहिल्या, काशीत १५७३ साली ग्रंथ पूर्ण केला आणि हे सारे गृहस्थ राहून केले. सातव्या अध्यायातल्या कपोताची गोष्ट तर प्रत्येक कीर्तनकाराला पाठ असते: पारध्याच्या जाळ्यात पिलांमागे कबुतरी गेली, कबुतरीमागे कबूतर गेला. ही दोन ठिकाणे जोडून मी एक निरूपण बसवले होते. घर म्हणजे धर्मशाळा, आपण पाहुणे, गुंतू नका. हे निरूपण फार चालले. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत एका सप्ताहातून दुसऱ्यात, मग आषाढीला पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर, मग चातुर्मासातली प्रवचने. वर्षाचे सात-आठ महिने मी बाहेर.

एकदा असाच चार दिवसांसाठी घरी आलो होतो. धाकटी मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. दाराशी पिशवी ठेवली तशी तिने आनंदाने आत वर्दी दिली आणि मग माझ्यापाशी येऊन विचारले, “बाबा, तुम्ही किती दिवस राहणार?” पाहुण्याला विचारतात तसे. तिच्या मनात काही वाकडे नव्हते. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

आता माझा अपराध ऐका. मी तो प्रसंग दृष्टांत म्हणून कीर्तनात घेतला. सतरावा अध्याय सांगायचा आणि मग म्हणायचे, पाहा, माझ्या घरी माझे लेकरू मला पाहुणा समजते, भगवंताची आज्ञा अशी आचरणात आली पाहिजे. लोक माना डोलवायचे. मृदंगावर थाप पडायची. दहा-बारा वर्षे मी हा दृष्टांत वापरला.

भगवंतांनी सांगितलेला पाहुणा कोणता, हे मला कळलेच नव्हते. पाहुण्याचा घरावर मालकी हक्क नसतो, म्हणून तो कशाला ‘माझे’ म्हणत नाही. अहंकार नको, ममता नको, एवढा त्या उपमेचा अर्थ. पाहुण्याच्या पायावर पाणी घालतात, पाहुण्याला गरम पोळी वाढतात, पाहुण्याला घरातल्या अडचणी सांगत नाहीत, मुलांना गप्प बसवतात, हा त्या उपमेचा अर्थ नाही. उपमेचे एकच अंग घ्यायचे असते, हे आळंदीला पहिल्या वर्षी शिकवतात. मी नेमके नको ते अंग घेतले. नाथांच्या वाड्यात रोज पाहुणे होते, पण नाथ पाहुणे नव्हते. ते पाहुण्यांचे पाय धूत होते.

आणि माझे घर? ते उत्तम चालले होते. सगळे गावकरी म्हणायचे, महाराजांचे घर कसे शिस्तीत आहे. हिने शेत वाट्याने लावले, दोन म्हशी पाळल्या, मुलांच्या शाळा पाहिल्या, माझ्या आईचे शेवटचे आजारपण काढले. माझ्या नसण्याने काही अडत नव्हते. त्याचा मला अभिमान होता. जे घर माझ्यावाचून इतके सुरळीत चालते, त्यात माझी जागा कुठे उरली, हे विचारायला हवे होते. तेव्हा सुचले नाही.

देहूच्या घराकडे वळतो, कारण आमच्या घरातली गाठ तिथे बसली.

जिजाईंवर बोलणे हा कीर्तनातला हुकमी हशा. त्या तुकोबारायांना कसे बोलायच्या, देवाला कशा शिव्या द्यायच्या, हे आवाज बदलून सांगितले की मांडव हसतो. हल्ली तर मोबाईलवर कीर्तनाचे तुकडे फिरतात, त्यात अर्धे असलेच. मी आवाज बदलण्यात पटाईत होतो. महिपतीबुवांच्या भक्तलीलामृतात (१७७४) जिजाई कठोर बोलतात, हे खरे. पण महिपती ताहराबादला स्वतः प्रपंचात राहिलेला माणूस. तो त्यांना नुसते कठोर ठेवत नाही. त्या रोज भाकरी घेऊन डोंगर धुंडाळतात, नवरा जेवल्याशिवाय जेवत नाहीत. वाटेत पायात काटा मोडतो तेव्हा पांडुरंग स्वतः येऊन काढतो. ज्या देवाचे तोंड पाहायचे नाही असे ती म्हणते, तोच तिच्या पायाशी बसतो. या जागेचे केवढे निरूपण व्हायला हवे! आपण काटा काढल्याचे सांगतो आणि पुढच्या शिवीवर जातो.

उलट, आमच्या जुन्या मंडळींनी ज्याकडे पाठ फिरवली, त्या सिनेमात मला जिजाई नीट दिसल्या. प्रभात कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जिजाई झाल्या गौरी. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. मी तो उशिरा, दूरदर्शनवर पाहिला. पागनीसांचे सगळे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे, पण चित्रपट उभा राहतो तो गौरींच्या पायावर. ही जिजाई कडाडून बोलते, पण बोलताना तिचे हात थांबत नाहीत. म्हशीला धुताना म्हशीशीही बोलते. पोर आजारी पडते तेव्हा वहाण घेऊन देवळात देवाला जाब विचारायला जाते. आणि शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, तिला चल म्हणतात, तेव्हा तिचे लक्ष चुलीवरच्या पोळ्यांत आणि पोरांच्या भुकेत. ती मागे राहते. (त्याच चित्रपटातले शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद पुष्कळ वारकरी तुकोबारायांचा अभंग म्हणून गातात. गाथ्यात शोधू नका, मिळणार नाही.) चित्रपटात इतिहासाच्या चुका असतील. पण जिजाईंना हसण्यासाठी तो त्यांना पडद्यावर आणत नाही, हे आम्हा कीर्तनकारांपेक्षा चांगले केले.

आता गाठीची गोष्ट. आमच्या गावच्या सप्ताहात, पस्तीसएक वर्षांपूर्वी, माझे कीर्तन होते. गावचाच माणूस म्हणून गर्दी मोठी. मी जिजाईंचा प्रसंग रंगवला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ही पुढे बसली होती. ती हसली नाही, हे मी गातागाता पाहिले आणि विसरलो. त्यानंतर माझे कीर्तन गावात असले की ही मांडवात नसायची, महाप्रसादाच्या चुलाण्यापाशी असायची. मी लोकांना सांगायचो, आमच्या मंडळींना सेवेची आवड.

तीन वर्षांपूर्वी मुलाकडे, इथे छत्रपती संभाजीनगरला राहायला आलो. मुलगा वाळूजला कारखान्यात पाळीवर, सूनबाई नोकरीला. नळाला पाणी रोज येत नाही, कधी चार दिवसांनी, कधी आठ. आले की पहाटेही येते. हे पाणी पैठणचेच. १९७६ ला जायकवाडीचे धरण पुरे झाले, जलाशयाला नाथसागर नाव दिले, तिथून नळाने पन्नास किलोमीटर चढून ते आमच्या दाराशी येते. अशाच एका पहाटे मी आणि ही पिंप भरत बसलो होतो. मी बादली धरलेली, ती नळी. मला सहज आठवले आणि मी विचारले, तू माझे कीर्तन ऐकायचे का सोडलेस?

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “जिजाई डोंगरावर भाकर घेऊन जायची, हे तुम्ही लई छान सांगायचात. पण लेकरं कुणापाशी ठेवून जायची, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, आज सांगतील.”

चाळीस वर्षांत माझ्या निरूपणावर पुष्कळ विद्वानांनी आक्षेप घेतले. प्रमाण चुकले, पाठभेद धरला नाही, सिद्धांत ढिला राहिला. हा आक्षेप कोणी घेतला नव्हता आणि याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा ही लेकरे. भंडारा डोंगर देहूपासून जाऊन-येऊन अर्धा दिवस खाणारा. रोज. आणि १६५० च्या बीजेला तुकोबाराय गेले तेव्हा धाकटा नारायण पोटात होता. तो बापाच्या मागे जन्मला. त्याला जिजाईंनी वाढवले. त्याच नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून आळंदीमार्गे पंढरीची वाट धरली. ज्या पालखीमागे आज लाखोंनी आपण चालतो, ती सुरू करणारा मुलगा कोणत्या घरात, कोणाच्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला, हे आपण बीजेच्या कीर्तनात एकदा तरी सांगतो का? मी सांगितले नव्हते.

कोणी म्हणेल, महाराज म्हातारपणी नव्या वाऱ्याला लागले, संतांच्या वैराग्यालाच बोल लावायला निघाले. तसे नाही. तुकोबारायांना दुष्काळाने होरपळले, पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा गेला. त्यांचे डोंगरावर जाणे त्या आगीतून आलेले आहे. ते माझ्या सप्ताहांच्या तारखांशी तोलता येणार नाही. मी गेलो तो निम्मा भक्तीने, निम्मा मांडवाच्या ओढीने. बिदागीचीही गरज होती, खोटे कशाला बोलू. मी माझ्या जाण्याला तुकोबारायांचे नाव दिले आणि माझ्या घराच्या चालण्याला नाथांचे. दोघांचेही ते नव्हते.

नाथांचे खरे काय होते, ते हरिपंडिताच्या प्रकरणात दिसते. ही कथा आपण सगळ्यांत वाईट सांगतो.

हरिपंडित, तोच गिरिजाबाईंच्या पाठीवरचा हरी, मोठा संस्कृत पंडित झाला. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्याला सोसेना. तो घर सोडून काशीला गेला. काही काळाने नाथ स्वतः काशीला गेले आणि त्याला परत यायला विनवले. त्याने दोन अटी घातल्या: प्राकृत पुराण बंद, परान्न बंद. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पैठणला हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि हळूहळू श्रोते यायचे थांबले. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब बाईच्या घरी नाथ जेवले. नाथांची उष्टी पत्रावळ हरिपंडित उचलू लागला, तर एकीखाली एक अशा हजार पत्रावळी निघाल्या आणि त्याचा अभिमान गळाला.

आपण सगळे धावतो ते हजार पत्रावळींकडे. मुलाची जिरली, टाळी घ्या. पण त्याच्या आधीचे नाथ पाहा. ज्या माणसाने प्राकृतासाठी काशीच्या पंडितांचा रोष पत्करला, ज्याचे सारे आयुष्याचे काम मराठीत पुराण सांगणे हेच होते, त्याने ते काम मुलाच्या शब्दाखातर खाली ठेवले. हवा तर मुलगा वेगळा राहू दे, असे म्हटले नाही. माझ्या कार्याला हजारो लोक आहेत, तुझ्या एकट्यासाठी ते कसे सोडू, असे म्हटले नाही. उतारवयात काशीची वाट चालून गेले. रिकामी होत जाणारी ओसरी त्यांनी पाहिली आणि दिलेला शब्द पाळला. ते किती दिवस होते, कथा मोजून सांगत नाही. ते दिवस मला हजार पत्रावळींपेक्षा मोठे वाटतात. काम पुन्हा सुरू झाले, ते मुलगा घरात असताना, मुलाच्या मनाने.

मी हे निरूपण कधीच केले नाही, कारण मला ते करवले नसते. माझ्या मोठ्या मुलाने पाचवीत असताना, गावातल्या त्याच्या शाळेच्या संमेलनाला या, असे पत्र मला एका सप्ताहाच्या पत्त्यावर पाठवले होते. मी काल्याचे कीर्तन सोडून कसा येऊ, असे उलट कळवले. काल्याला दुसरा कीर्तनकार मिळाला असता. आज तोच मुलगा रात्रपाळीहून येऊन सकाळी पोराला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला जातो, डोळे मिटत असतात तरी. मी एकदा म्हटले, अरे मी सोडतो, तू झोप. तो म्हणाला, “नको बाबा, तेवढीच भेट होते.” मी पुन्हा तसे म्हणालो नाही. आता मी डबा भरून देतो.

तरुण कीर्तनकार माझ्याकडे येतात, त्यांना मी तीन ठिकाणे दाखवतो. गिरिजाबाईंच्या उत्तरापाशी हशा आला तर येऊ द्या, पण लगेच शांतीवर उडी मारू नका. वीणेकऱ्याला सूर धरायला सांगा आणि त्या सवयीवर चार वाक्ये बोला. जिजाईंचा आवाज काढू नका. आणि सतरावा अध्याय लावताना पाहुणा म्हणजे कोण, ते आधी घरी विचारून या. एका पोराने विचारले, महाराज, घरी कोणाला विचारू? मी म्हटले, जो पाणी भरतो त्याला.

यंदा षष्ठीला रांजणात घागर ओतायला पैठणला जायचे असे आम्ही दोघांनी ठरवले होते. मग सूनबाईने हिशेब करून सांगितले की नळाची पाळी नेमकी षष्ठीच्या पहाटेच येते आहे. ही लगेच म्हणाली, मग तुम्ही जाऊन या, मी थांबते. आयुष्यभराची सवय. मी म्हटले, नाही. ती सूनबाईबरोबर पहिल्या एस.टी.ने जाईल, नातवालाही घेऊन जाईल. पिंपे धुऊन ठेवली आहेत, नळी शोधून ठेवली आहे.